आधी मोजा, मग जोडा: नवीन सॉफ्टवेअरमध्ये यादी टाकताना



आज थोडं परखड बोलतो. जुन्या एक्सेलमधली यादी नवीन बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकली, स्क्रीनवर "इम्पोर्ट यशस्वी" असं आलं, की आपण खूश होतो. माझ्या मते तो मेसेज म्हणजे पावती नाही. फाईल वाचून झाली, एवढाच त्याचा अर्थ. सगळी नावं आली का, हे मालकानेच मोजायचं असतं.

समजा, टेंभुर्णीत तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. जुन्या यादीत १,२४० ग्राहक. नवीन सॉफ्टवेअरमध्ये दिसतात १,२२८. बारा जण गेले कुठे?

बहुतेक वेळा ते एकमेकांखाली दबलेले असतात. मास्टर यादीत प्रत्येक नोंदीला एक ओळख लागते, सॉफ्टवेअरवाले तिला 'की' म्हणतात. तुम्ही मोबाईल नंबरला की केलं. पण आपल्याकडे वडील आणि मुलगा यांची खाती वेगळी आणि फोन एकच, असं कितीतरी घरांत असतं. कीवर चालणाऱ्या यादीत एका कीला एकच जागा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसरी नोंद आली की पहिलीवर चढते, आणि एरर काही येत नाही. मग ऊसबिल जमा झाल्यावर वडील उधारी फेडायला येतात आणि तुमच्याकडे त्यांचं खातंच नसतं! किंवा मुलाची बाकी तुम्ही वडिलांना सांगता. पैसे जातात ते जातातच, वर विश्वासही जातो.

"एवढं काय, मोठ्यांकडे असं होत नाही," असं कुणी म्हणेल. होतं. २०२० साली इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले. कारण काय, तर माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये भरली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाही. वरच्या ओळी गळाल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. आलेल्या ओळी आणि चढलेल्या ओळी रोज शेजारी ठेवून मोजल्या असत्या, तर ही गळती पहिल्याच दिवशी दिसली असती.

आपल्या राज्यातलं उदाहरण बघा. महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत २०२० साली याद्या लागल्या, तेव्हा नावापुढे विशिष्ट क्रमांक होता. शेतकऱ्याने आधार दाखवून आपली रक्कम बघायची, मान्य असेल तर तसं सांगायचं, मग पुढचं काम. एकाच गावात एकाच नावाची चार माणसं असतात, म्हणून नुसत्या नावावर हिशोब जोडता येत नाही. तुमच्या दुकानालाही हेच लागू. प्रत्येक खात्याला स्वतःचा क्रमांक द्या. फोन नंबर वेगळ्या रकान्यात राहू दे.

मालाच्या यादीत आणखी एक गंमत होते. केळीचा एचएसएन कोड ०८०३. एक्सेलने तो आकडा समजला की पुढचं शून्य उडतं आणि उरतं ८०३. आता कराच्या यादीत शोधायला गेलं तर केळी सापडतच नाही. कांदा ०७०३, द्राक्षं ०८०६, तीच कथा. म्हणून माहिती भरण्याआधीच त्या रकान्याचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करून घ्या.

तर मोजायचं काय? चार आकडे वहीत लिहा.

१. जुन्या यादीत ओळी किती. हेडिंगची ओळ सोडून.
२. त्यात वेगवेगळ्या की किती. फाईलची कॉपी करा आणि तिच्यावर कीचा रकाना निवडून 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' चालवा. किती उडाल्या, किती उरल्या, एक्सेल स्वतः सांगतं.
३. नवीन यादीत किती नोंदी चढल्या.
४. उधारीची एकूण बेरीज, जुनी आणि नवीन.

पहिला आणि दुसरा आकडा जुळला नाही, तर इम्पोर्ट करूच नका. आधी डुप्लिकेट की शोधा. तिसरा जुळला नाही, तर काय गळालं ते बघा. चौथा का? कारण दहा नोंदी गळाल्या आणि दहा दोनदा चढल्या, तरी संख्या जुळलेलीच दिसते. बेरीज सहसा फसत नाही. तरीही पाच-दहा खाती उघडून डोळ्यांनी बघाच.

"सॉफ्टवेअरवाला बघेल ना सर?" तो फाईल चढवून पुढच्या गिऱ्हाईकाकडे जाणार. उधारी त्याची नाही, तुमची आहे. धान्याचा ट्रक आला तर पोती मोजल्याशिवाय तुम्ही चलनावर सही करता का? मग इथे का करता?

आणि हो, चारही आकडे जुळून महिनाभर व्यवहार नीट चालेपर्यंत जुनी वही रद्दीत घालू नका.