कर्ज काढून व्हिडिओचे यंत्र घ्यावे काय?



गेल्या दोन-तीन महिन्यांत नालासोपारा आणि विरार भागातल्या निरनिराळ्या घरांतून एकच प्रश्न माझ्याकडे आला. पोरगा बारावी झालेला असतो किंवा कॉलेज अर्धवट सोडलेला असतो. तो म्हणतो, मला मोठा कॉम्प्युटर घेऊन द्या, मी एआयचे व्हिडिओ करून पैसे मिळवतो. वडील रिक्षा चालवतात, नाहीतर गाळ्यात कामाला असतात. आई विचारते, "दादा, पतपेढीचे कर्ज काढू का? पोराचे भले होईल ना?" पोराची हौस खोटी नाही. परंतु कर्ज काढण्याआधी हिशेब मांडला पाहिजे, आणि हिशेब हे तर माझे रोजचेच काम आहे.

आधी हे यंत्र काय करते ते समजून घेऊ. मोबाईलवर एक वाक्य लिहिले की पाच सेकंदांचा व्हिडिओ तयार होतो, हे आपण पाहिले आहे. त्या पाच सेकंदांत ऐंशीच्या आसपास चित्रे असतात. पूर्वी अँटेना हलला की टीव्हीवर मुंग्या दिसायच्या. यंत्र तशाच मुंग्यांपासून सुरुवात करते आणि एकेक पायरीने त्या पुसत चित्र बाहेर काढते. सगळी चित्रे एकदम डोक्यात धरावी लागतात, नाहीतर पहिल्या सेकंदाला असलेला चेहरा तिसऱ्या सेकंदाला दुसऱ्याच माणसाचा होतो. म्हणून त्याला फार मोठी मेमरी लागते.

हे काम साध्या कॉम्प्युटरच्या मुख्य चिपला झेपत नाही. ती चिप म्हणजे ऑफिसातला हुशार हेडक्लार्क. अवघड फाईल त्याच्याकडे द्यावी, पण तो एका वेळी थोड्याच फायली पाहणार. ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. एनव्हिडिया कंपनीच्या २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डात १६,३८४ छोटे गणक आहेत. एकेकाला विशेष अक्कल नाही, पण सगळे मिळून एकाच वेळी बेरीज-गुणाकार करतात. या कार्डाची स्वतःची मेमरी २४ जीबी आहे आणि ते एकटे ४५० वॅट वीज खाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अलिबाबा या चिनी कंपनीने 'वान २.१' नावाची व्हिडिओची प्रणाली सर्वांना फुकट दिली. तिची लहान आवृत्ती सव्वाआठ जीबी मेमरीवर चालते, आणि वरच्या कार्डावर पाच सेकंदांचा साधारण दर्जाचा व्हिडिओ करायला चार मिनिटे घेते. मोठी आवृत्ती याहून पुष्कळ जास्त मागते. म्हणजे प्रणाली फुकट असली तरी ती चालवायला लागणारे लोखंड फुकट नाही.

आता वही काढा. एक मिनिटाच्या व्हिडिओला पाच-पाच सेकंदांचे बारा तुकडे लागतात. पाचांतला एक तुकडा बरा निघतो असे धरा. कुठे हाताला सहा बोटे येतात, कुठे झेंड्यावरची अक्षरे वितळतात. साठ तुकडे, प्रत्येकी चार मिनिटे, म्हणजे चार तास झाले. असे कार्ड घातलेला पूर्ण संच, यूपीएससकट, अडीच लाखांचा धरू. बारा टक्के दराने तीन वर्षांचे कर्ज काढले तर हप्ता सुमारे ८,३०० रुपये बसतो आणि एकूण भरणा तीन लाखांच्या जवळ जातो. विजेचे पाहा. सर्व मिळून ६५० वॅट, रोज सहा तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे शंभर युनिट वाढले. युनिटला १२ रुपये धरले तर बाराशे रुपये. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात हे यंत्र शेगडीसारखे तापेल, ते वेगळेच. आणि जुलै २०१८ च्या पुरात वसईचे काय झाले, वीज किती काळ गेली होती, हे ज्यांनी भोगले त्यांना मी सांगायला नको. तळमजल्याच्या खोलीत अडीच लाखांचा डबा जमिनीवर ठेवणार काय?

म्हणजे महिन्याला साडेनऊ हजार सुटल्यावर पोराच्या हातात पहिला रुपया पडणार. गल्लीत वाढदिवसाच्या व्हिडिओला कोण किती देतो, हे त्याने आधी दहा जणांना विचारून यावे. माझे स्पष्ट मत आहे की या कामासाठी कर्ज काढू नये. मोबाईलवर जे थोडे फुकट मिळते त्यावर सहा महिने शिकावे, गिऱ्हाईक लागले तर तासाच्या भाड्याने दूरचे यंत्र वापरावे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने १०,३७२ कोटींचे 'इंडिया एआय मिशन' मंजूर केले. त्यात अशी कार्डे तासाला शंभर रुपयांच्या आत देण्याची सोय आहे. पण ती अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, संशोधकांसाठी आणि नव्या उद्योगांसाठी आहे, वाढदिवसासाठी नाही. पोरगा इंजिनिअरिंगला असेल तर मात्र कॉलेजात जरूर चौकशी करावी.

मोठ्या कंपन्यांची गोष्टच निराळी. ऐरोली, रबाळे, महापे येथे डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. अशा ठिकाणी वापरले जाणारे एच १०० हे एकच कार्ड ७०० वॅट घेते, आणि तशी हजारो कार्डे रात्रंदिवस चालतात. या भुकेची झळ आपल्यालाही लागली आहे. चिपांचे कारखाने त्यांच्याकडे वळल्याने २०२५ च्या अखेरीस साध्या कॉम्प्युटरची मेमरीसुद्धा महागली. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठीचा आपला 'क्रुशियल' हा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले.

आता पैशाहून मोठी गोष्ट. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला मोबाईलवर परमपूज्य बाबासाहेब बोलताना दिसतात, हसतात, चालत येतात. आयाबायांच्या डोळ्यांत पाणी येते आणि त्या दहा जणांना पुढे पाठवतात. भावना मी समजू शकतो. पण ते बोलणे बाबासाहेबांचे आहे काय? त्यांचा खरा आवाज उपलब्ध आहे, १९५५ सालची बीबीसीची मुलाखत कोणीही ऐकू शकतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड काढले आहेत. त्यांत जे नाही ते त्यांच्या तोंडी घालण्याचा अधिकार कोणाला नाही, मग घालणारा आपलाच कार्यकर्ता का असेना. आज कोणी प्रेमाने घालतो, उद्या निवडणुकीत कोणी लबाडीने घालील, आणि आपल्या नातवंडांना फरक कळणार नाही. अमेरिकेत डॉ. मार्टिन लूथर किंग यांचे असेच विकृत व्हिडिओ निघाले. तेव्हा त्यांच्या वारसांच्या मागणीवरून 'सोरा' चालवणाऱ्या ओपनएआय कंपनीला ऑक्टोबर २०२५ मध्ये ते थांबवावे लागले. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२६ पासून अशा व्हिडिओवर तो कृत्रिम असल्याचे स्पष्ट दाखवण्याचा नियम आला आहे. पुढे पाठवण्यापूर्वी ती खूण पाहत जा. नसेल तर पाठवणाऱ्याला विचारा, कोणत्या खंडातले वाक्य आहे हे?

मी यंत्राच्या विरोधात नाही. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, पुढे समाजाचा स्वतःचा छापखाना उभा केला. आपल्या शाहिरांच्या कॅसेटी वस्तीवस्तीत वाजल्या. नवे साधन आपण कधी दुसऱ्यासाठी सोडून दिलेले नाही.

पोरांना करायचेच असेल तर करण्यासारखे काम दारात पडले आहे. आपल्या सोपाऱ्याचा स्तूप. 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या टेकाडात एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धांच्या आठ धातुमूर्ती निघाल्या. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि नववा भुईगावला १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी. यावर दोन मिनिटांचा व्हिडिओ करा ना. फक्त एक ध्यानात ठेवा. यंत्राला 'अशोकाचा सोपारा' असे सांगितले तर ते संगमरवरी महाल आणि सोन्याचे कळस काढून देते. आपला स्तूप विटांचा आहे. तेव्हा आधी पोराला एखाद्या दिवशी चर्चगेट लोकलने फोर्टात न्यावे. करंडक आणि मूर्ती एशियाटिक सोसायटीकडे आहेत, अशोकाचा दगड छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यावरची अक्षरे त्याने डोळ्यांनी पाहावीत आणि मग मोबाईल हातात घ्यावा.