खाण म्हातारी झाली, आता वावर कोनाचं?



आपल्या पट्ट्यातली जुनी खाण बंद होणार, अशी बोंब दिवाळीपासून आहे. कोणी म्हणते खालचा कोळसा संपला. कोणी म्हणते संपला नाही, काढायला परवडत नाही. कोणी म्हणते बंदबिंद काही नाही, खासगीवाल्याला देणार आणि आणखी दोन गावांकडे वाढवणार. तेही खोटं म्हणता येत नाही, कारण बंद पाडलेल्या जुन्या खाणी खासगी कंपन्यांना वाट्यानं चालवायला द्यायचं कोल इंडियानं २०२२ मध्ये ठरवलंच आहे. साहेबाला विचारलं तं साहेब म्हणतो, वरून आदेश नाही.

पण मागच्या आठवड्यात कामगार युनियनचे लोक आणि त्यांच्यासोबत एक पुढारी गावात आले. ग्रामसभेनं 'खाण वाचवा' असा ठराव द्यावा म्हणतात. कागद छापूनच आणला होता, फक्त सह्या आणि अंगठे बाकी. मी तो दोनदा वाचला. त्यात 'रोजगार' सहा वेळा आहे. 'जमीन' एकदाही नाही. म्हणून मी हे लिहून राहिली आहे.

आमच्या आजाचं सात एकर वावर या खाणीत गेलं. १९५७ चा कोळसा जमिनीचा एक कायदा आहे. त्यात नोटीस गॅझेटात छापते आणि हरकत घ्यायला ३० दिवस मिळते. आजाला अक्षर येत नव्हतं, गॅझेट काय चीज आहे हे गावात एकालाही माहीत नव्हतं. आजाला कळलं तेव्हा वावरात खुंट्या ठोकून झाल्या होत्या. सात एकराच्या बदल्यात थोडे पैसे आले आणि बाबाला एक नोकरी. बाबा साठ वर्षांचा झाला, नोकरी संपली, क्वार्टर खाली करून घेतलं. वावर असतं तं ते बाबासोबत रिटायर झालं नसतं, आज माझा भाऊ ते वाहत असता. भाऊ आता ठेकेदाराचा गार्ड आहे. ज्या धुऱ्यावर आजा बैल बांधत होता, त्याच्याच जवळ तो गेट राखतो. त्याला कायमची नोकरी नाही, पावती नाही, उद्या ये म्हटलं तं जायचं, नको म्हटलं तं घरी बसायचं.

हे तरी सातबारा होता म्हणून. नाल्यापलीकडच्या कोलामांची जबरानजोत होती. त्यांच्या हाती एक कागद नव्हता, म्हणून मोबदला नाही, नोकरी नाही, त्यांचं नावच कोणत्या यादीत नाही. त्यांच्या मोह्याच्या झाडांवर आज मातीचा डोंगर आहे.

आता मुद्द्याचं सांगते. कोळसा किती वर्षांचा असते? तीस, चाळीस वर्षं. आणि जमीन किती वर्षांसाठी नेली? कायमची. त्या १९५७ च्या कायद्यात जमीन पूर्ण सरकारची आणि मग कंपनीची होते. काम झालं की मूळ मालकाला परत द्या, असं त्यात कुठंही लिहिलं नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पाच वर्षं न वापरलेली जमीन परत देण्याचं, नाही तं सरकारी लँड बँकेत टाकण्याचं कलम आहे. कोळशाची जमीन त्याच्याही बाहेर ठेवली. भाड्यानं दिलेलं घर भाडेकरू सोडून जाते. इथं भाडेकरूनं घर पाडलं, दगड-लाकूड विकलं आणि वर म्हणते जागाही माझीच.

एप्रिल २०२२ मध्ये दिल्लीच्या मंत्रिमंडळानं धोरण केलं की कोळसा काढून झालेल्या जमिनीवर वॉशरी, वीज प्रकल्प, सोलर आणि असलीच कामं करायची, आणि ती जमीन बोली लावून लीजवर द्यायची. मालकी सरकारी कंपनीकडेच. यादीत प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचं नाव आहे, हे खरं. पण ज्याची जमीन होती त्याला परत, हे शब्द नाहीत. म्हणजे खाण बंद झाली तरी ती जमीन आपल्याकडं येत नाही, आणि चालू राहिली तरी येत नाही. मग 'वाचवा' म्हणून अंगठा द्यायचा तो कोनासाठी?

वनजमिनीचं वेगळं आहे, हे नीट समजून घ्या. ती कंपनीच्या मालकीची होतच नाही. १९८० च्या कायद्याखाली फक्त वापरायची परवानगी मिळते, दर्जा वनाचाच राहते. काम झालं की ती वनखात्याकडं परत. मग खातं तार लावते, रोपं लावते आणि आपल्या ढोरांना दंड करते. त्या जमिनीवर सामूहिक वनहक्काचा दावा आत्ताच लावला पाहिजे, तार लागायच्या आधी. आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधी ज्यांना पुनर्वसन न देता वनजमिनीवरून बेकायदा हाकललं, त्यांना वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(एम) मध्ये पर्यायी जमिनीसह हक्क आहे. कोलामांचा दावा यात बसते. तो पहिला लिहू.

युनियनवाल्या भावांना आपण दुश्मन म्हणत नाही. त्यांचंही पोट आहे. पण वाचवून वाचवून किती वर्षं? वरोऱ्याला इंग्रजानं खाण काढली, कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली, आणि १९०६ ला ती खाण बंद झाली. इंग्रज बल्लारपूरला गेला. खाण एक दिवस जातेच. तिच्याखालची पोकळी मात्र जात नाही. घुग्घूसच्या अमराई वॉर्डात ऑगस्ट २०२२ मध्ये एक घर जमिनीत धसलं, खाली जुनी भूमिगत खाण होती. आपल्या शाळेच्या भिंतीला तडा आहे, तो ब्लास्टिंगचा की खालच्या पोकळीचा, हे कोणी येऊन पाहिलं?

खाण बंद करायचा पैसा वेगळा ठेवलेला असते, हे तं बहुतेकांना माहीतच नाही. २००९ च्या नियमानं प्रत्येक कोळसा खाणीचा बंद करण्याचा आराखडा लागते आणि एका वेगळ्या खात्यात पैसे टाकावे लागते. तेव्हाचा दर उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये होता. खड्डा बुजवणं, ढिगारे बसवणं, वरची माती पसरवणं, हे त्यातून व्हायचं. आपल्या खाणीचा आराखडा गावात एकानंही पाहिला नाही. माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवला आहे.

तर ठराव द्यायचा, पण आपल्या शब्दांत. आधी आराखडा आणि खात्याचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवा. बुजवलेली जमीन मूळ घरांना परत द्या, आणि कायद्यात नाही म्हणता तं कायदा बदला, जंगलाचे हक्क कायदा करूनच मिळाले होते. ठेकेदाराच्या पोट्ट्यांची थकलेली मजुरी आणि पीएफ खाण थांबायच्या आधी द्या. आणि एक इंचही पुढं वाढवायची गोष्ट ग्रामसभेबाहेर होणार नाही. हे लिहून युनियनवाल्यांनाही सही करायला सांगू. करतात का पाहू.

सभा पुढच्या बुधवारी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठला, देवाच्या सागाखाली. पेटीच्या तळाशी जे असेल ते घेऊन या: जुनी नोटीस, तलाठ्याची पावती, दंडाची पावती, आजाच्या नावचा फाटका सातबारा. जबरानजोतवाल्यांनी गावातली म्हातारी माणसं सोबत आणावी, वनहक्काच्या दाव्यात त्यांचं बोलणंही पुरावा म्हणून चालते. बायांनी पुढं बसावं. त्या छापील कागदावर तोपर्यंत कोणीही अंगठा लावू नये.