ओलावा, कागद आणि काळी माती
जमिनीखालून वीज नेऊ पाहणाऱ्या पहिल्या कारागिरांपुढे ओलावा हाच मोठा शत्रू होता, आणि केबल घडवताना त्यांनी केलेली जवळजवळ प्रत्येक निवड त्यालाच उद्देशून होती. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट वीजकेंद्रासाठी एडिसन यांनी तांब्याच्या अर्धगोल सळया दोर गुंडाळून वीस फुटी लोखंडी नळ्यांत घातल्या व उरलेली पोकळी डांबरी मिश्रणाने भरली. मात्र दर वीस फुटांवर सांधा आला आणि दोष शिरायला वाट मिळाली. १८९० च्या सुमारास फेरांती यांनी डेप्टफर्डहून लंडनला १०,००० व्होल्टची वीज नेताना एकात एक बसवलेल्या तांब्याच्या नळ्यांमध्ये मेणात भिजवलेला कागद वापरला.

तेलात मुरवलेला कोरडा कागद विजेला उत्तम अडवतो, पण हवेतला दमटपणाही शोषून घेतो. म्हणून त्यावर शिशाचे अखंड आवरण दाबयंत्रातून चढवले जाई, आणि शिसे मऊ असल्याने त्याच्या रक्षणासाठी डांबरी तागाचा थर, पोलादी पट्ट्यांचे चिलखत म्हणजे आर्मर, व वर पुन्हा ताग अशी रचना रूढ झाली. जोडणी करणारा जॉइंटर कागदाची पट्टी तापलेल्या मेणात बुडवी आणि फेस किंवा तडतड दिसली तर तेवढा भाग कापून टाकून पुन्हा तपासणी करी. ही शिस्त आज हातून सुटत आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

आजच्या एक्सएलपीई केबलमध्ये, म्हणजे रेणू परस्परांशी जखडलेल्या पॉलिथिलीनच्या वेष्टनात, कागद नाही. तरीही उघड्या टोकातून शिरलेले पाणी तारांच्या फटींतून दूरवर सरकते, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी करते आणि उच्च दाबाच्या केबलच्या वेष्टनात फांद्यांसारख्या सूक्ष्म भेगा वाढवते, ज्यांना वॉटर ट्री म्हणतात. दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यावर पोसलेल्या चिकोडी-निपाणीच्या उसाच्या रानात तर काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सांध्याला ताण देते. म्हणून कंत्राटदारांनी सांध्यापाशी केबलचा सैल वळसा ठेवावा, ११ केव्ही केबल किमान ०.९ मीटर खोल वाळूच्या थरात टाकावी, आणि कापलेले टोक त्याच दिवशी उष्णतेने आवळणाऱ्या टोपीने बंद करावे. ड्रम दुसऱ्या दिवशी उघडायचा असला तरी रात्रभर टोक उघडे ठेवू नये.