धुके नव्हे, धुरके

पानिपत हे मराठीत केवळ गावाचे नाव राहिलेले नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवानंतर ते वाक्प्रचारात शिरले; एखाद्याचे ‘पानिपत होते’, म्हणजे त्याचा पुरता विनाश होतो. या वाक्प्रचाराने रणांगण स्मरणात राहिले. तेथे आज राहणारी माणसे मात्र मराठी मनाच्या कक्षेबाहेरच राहिली. दर १४ जानेवारीस काला अंब येथील स्मारकापाशी मराठी मंडळी जमतात. त्या दिवसांत तेथील हवेत पुष्कळदा धूसर पडदा असतो. त्यास ‘धुके’ म्हणून मोकळे होणे ही भाषेची चूक आहे.

धुके म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब. हिवाळ्याच्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वारा पडलेला असला की खालचा धूर खालीच कोंडतो. पानिपतास तेलशुद्धीकरण कारखाना आहे, औष्णिक वीजकेंद्र आहे, जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढणाऱ्या गिरण्या आहेत. शेजारून दिल्लीचा हमरस्ता जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताच्या पेंढ्याचा धूर त्यात भर घालतो. गंधक व नायट्रोजन यांच्या वायूंपासून हवेतच सूक्ष्म कण बनतात आणि त्या कणांवर बाष्प साचते. याचे नाव ‘धुरके’.

मराठी कवितेने धुक्याला हळुवारपणा दिला. तो निसर्गाचा विभ्रम मानला. निसर्गाला जाब विचारता येत नाही. धुरके या शब्दात धूर आहे, आणि धूर म्हटला की तो कोणाच्या चुलीचा, हा प्रश्न ओघानेच येतो. इंग्रजीतील ‘स्मॉग’ हा जोडशब्दही १९०५ च्या सुमारास असाच रूढ झाला. तरीही लंडन आपल्या धुक्याला सरावलेलेच राहिले. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे सुमारे चार हजार माणसे दगावल्याचे तेव्हाच्या मोजदादीत आढळले आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला.

शब्दाने हवा शुद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. भारतातही राजधानी परिसराच्या हवेसाठी २०२१ चा स्वतंत्र कायदा आहे, तथापि हवा निवळलेली नाही. परंतु चुकीचा शब्द कारणावर पांघरूण घालतो, हेही तितकेच खरे. म्हणून कोशकारांनी, अनुवादकांनी आणि वृत्तपत्रांनी हा भेद कटाक्षाने पाळावयास हवा.

काला अंबाच्या काळेपणाला दंतकथेने सांडलेल्या रक्ताचे कारण दिले. तेथील आजच्या हवेचा काळेपणा दंतकथेवर सोपविता येणार नाही.