चाकांवरच्या घराची पुढची काच

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा पूर्ण होऊन ७०१ किलोमीटरांची वाट अखंड झाली. तेव्हापासून समृद्धी महामार्गाने वाशीम जिल्ह्याच्या, आणि त्यातही कारंजा तालुक्याच्या, जीवनक्रमात जे परिवर्तन घडवले, त्याची मोजदाद बहुधा जमिनीच्या भावात आणि प्रवासाच्या वाचलेल्या तासांत केली जाते. परंतु रस्ता बदलला की रस्त्यावरचे वाहन बदलते, वाहन बदलले की त्याच्या दुरुस्तीची विद्या बदलावी लागते, आणि ही विद्या रस्त्याच्या वेगाने खेड्यापर्यंत पोहोचत नाही, याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. कामरगावसारख्या कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्यावर पोसलेल्या गावच्या माणसाला ट्रॅक्टरचे इंजिन उघडून बसवणारा कारागीर हाकेच्या अंतरावर मिळतो. पण मोठ्या प्रवासी वाहनाची पुढची काच तडकली तर कारंजा नाही तर अमरावती गाठण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही, आणि तेथेही ती विशिष्ट काच त्या दिवशी हजर असेलच याची हमी कोणी देत नाही.

हा प्रश्न आज किरकोळ वाटेल, पण तो वाढणार आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ज्या वाहनात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय आहे अशा वाहनांनी राज्यभर हिंडावे आणि त्यांच्यासाठी पाणी, वीज व स्वच्छतागृहे असलेले तळ उभे राहावेत, ही त्यामागची तजवीज. ज्या तालुक्यात श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आहे, ज्याच्या शेजारच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, जेथून शेगाव आणि लोणार फार दूर नाहीत आणि ज्याच्या हद्दीत काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, त्या तालुक्यात अशी वाहने येणे इष्टच आहे. तथापि आपल्या वऱ्हाडाचे खरे चाकांवरचे घर अद्याप कॅरॅव्हॅन नव्हे. ते रात्री निघून पहाटे पुण्यास पोहोचणारी स्लीपर बस आहे, जिच्यात आपली शिकणारी आणि नोकरी करणारी मुले आडवी पडून निर्धास्त झोपी जातात. कॅरॅव्हॅन असो वा स्लीपर, दोहोंत एक साम्य आहे: माणसे निजलेली असतात, एकटा चालक जागा असतो, आणि त्या चालकाची सारी दृष्टी एका काचेतून बाहेर जाते.

ती काच साधी नसते. काचेच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल नावाचा एक चिवट पारदर्शक पापुद्रा दाबून ती सिद्ध होते, व तिला लॅमिनेटेड काच म्हणतात. १९०३ साली फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांच्या प्रयोगशाळेत फळीवरून पडलेले एक काचपात्र तडकले पण विखुरले नाही, कारण त्याच्या आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता, आणि त्या निरीक्षणातून ही काच जन्मास आली, असे सांगितले जाते. १९०९ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. बाजूच्या खिडक्यांची काच निराळी, ती कठोर केलेली, म्हणजे टफन्ड असते, आणि फुटली की तिचे बोथट कण होऊन ती खाली सांडते. पुढच्या काचेने सांडायचे नसते. दगड लागला तरी तिने जागेवर राहावे, चालकाला गाडी थांबवण्यापुरते दिसत राहावे आणि आतला माणूस बाहेर फेकला जाऊ नये, म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील शंभराव्या नियमाने पुढची काच लॅमिनेटेड असण्याचे आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जाण्याचे बंधन घातले आहे.

या दोन काचांचा भेद केवळ कारागिराने जाणावा असा नाही, तो प्रत्येक मालकाने जाणावा असा आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर एक स्लीपर बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. जे वाचले त्यांतील काही जण काच फोडून बाहेर पडू शकले म्हणून वाचले. संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी हातोडीच्या आघाताने फुटली पाहिजे आणि पुढची काच दगडाच्या आघाताने निखळता कामा नये, अशा परस्परविरुद्ध अपेक्षा एकाच वाहनात नांदत असल्यामुळे, मिळेल ती काच मापात कापून किंवा मागवून मिळेल तेथे बसवणे हा निव्वळ निष्काळजीपणा ठरत नाही, तो निजलेल्या माणसांच्या जिवाशी केलेला व्यवहार ठरतो. काचेच्या कोपऱ्यावर भारतीय मानकाची खूण कोरलेली असते; पैसे मोजण्यापूर्वी ती वाचावी, आणि खूण नसलेली काच कितीही स्वस्त मिळाली तरी परत करावी.

आता काचेच्या दुखापतीचा विचार करू. आपल्या भागातील रस्त्यांवर क्रशरमधून निघालेली काळी गिट्टी ताडपत्रीविना टिप्परमधून सांडते, टायरच्या खाचेत अडकते आणि पुढच्या वाहनाच्या चाकातून सुटून मागच्या वाहनाच्या काचेवर आदळते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ६० किलोमीटरांवर जो खडा केवळ आवाज करून जाईल, तोच खडा समृद्धीवरील ताशी १२० च्या अनुज्ञेय वेगाला चौपट ऊर्जेने आदळेल. त्याने बहुधा काच फुटत नाही, बाहेरच्या पत्र्यात एक लहानसा खळगा पडतो, कधी त्याभोवती वर्तुळ उमटते, कधी चांदणीसारखे किरण फुटतात. येथेच मालक चुकतो. आतला पापुद्रा आणि आतला पत्रा शाबूत आहे, दिसण्यास अडथळा नाही, तेव्हा पाहू पुढे, असे म्हणून तो खळगा तसाच ठेवला जातो. आणि वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, भर दुपारी उन्हात तापलेल्या काचेवर आतून वातानुकूलनाचा गार झोत सोडला, किंवा बाहेरून बादलीभर थंड पाणी मारले, की तो खळगा क्षणार्धात हातभर लांबीची रेघ होऊन बसतो. बांधाला पडलेले भोक पहिल्या पावसापूर्वी बुजवण्याचे महत्त्व ज्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, त्याला हेही सांगावे लागू नये.

वेळीच केली तर ही दुरुस्ती सोपी आहे. खळग्यातील हवा निर्वात यंत्राने ओढून घेतात, तेथे पातळ राळ दाबाने भरतात, जंबुपार किरणांखाली ती घट्ट करतात आणि वरचा भाग घासून सपाट करतात. कुशल हाताला अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ लागत नाही, आणि खर्च नव्या काचेच्या मानाने अल्प येतो. खळगा रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून लहान असावा, काचेच्या कडेपासून दूर असावा आणि चालकाच्या नजरेच्या अगदी समोर नसावा, एवढ्या अटी पाळल्या तर काच वाचते. नजरेसमोर असेल तर राळ भरल्यावरही एक पुसट डाग उरतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्यावर विखुरतो. तेथे काटकसर करू नये, काच बदलावी. दुरुस्तीची जागा दूर असेल, आणि कामरगावहून ती दूरच असते, तर तोपर्यंत खळग्यावर स्वच्छ पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी. कारण आपल्याकडची धूळ आणि पाणी एकदा भेगेत शिरले की राळ खोलवर उतरत नाही, आणि मग उत्तम कारागिराचाही इलाज चालत नाही.

मोठ्या वाहनांची काच नेहमी दगडानेच तडकते असेही नाही. कॅरॅव्हॅन असो वा बस, तिचा सांगाडा लांब असतो, खड्ड्यातून जाताना तो पीळ खातो, आणि चौकट गंजलेली असेल किंवा काच ताणात बसवली असेल तर कोपऱ्यातून आपोआप रेघ निघते. अशा वेळी तडकलेली काच काढून त्याच चौकटीत नवी बसवणे म्हणजे रोग तसाच ठेवून लक्षण झाकणे होय. जुनी काच निघाली की चौकटीचा गंज खरवडून, तेथे प्राइमर लावून, पूर्ण वाळू देऊन मगच पुढचे काम करावे. जुन्या बांधणीत काच रबरी बीडिंगमध्ये बसते. नव्या बांधणीत ती पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने चौकटीला जोडलेली असते, आणि तेव्हा ती वाहनाच्या रचनेचाच एक घटक बनून छताला आधार देते. तेथे स्नानगृहातील फटी बुजवण्याचे साधे सिलिकॉन वापरले तर पाणी कदाचित अडेल, पण अपघातात काच अडणार नाही. शिवाय हे चिकटद्रव्य वाळण्यास मुदत लागते, ती उष्णता आणि आर्द्रता यांवर अवलंबून असते, आणि ती पुरी होण्यापूर्वी गाडी महामार्गावर काढणे धोक्याचे असते. संध्याकाळची फेरी चुकू नये म्हणून कारागिराच्या मागे तगादा लावणाऱ्या मालकाला माझे एवढेच सांगणे आहे की फेरी उद्याही असते.

मालकाला दोष देताना व्यवस्थेने त्याला कोणत्या पेचात टाकले आहे तेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये सक्तीचा आहे तो तृतीय पक्षाचा विमा. त्यातून स्वतःच्या काचेची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमा घेतला असेल तर प्रचलित अटींमध्ये काचेला उदार वागणूक आहे: रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो, काचेवर मात्र काहीच कापला जात नाही. पण दावा दाखल केला की नो क्लेम बोनस, जो पहिल्या निर्वेध वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन क्रमाने ५० टक्क्यांपर्यंत चढतो, तो गमवावा लागतो. जादा हप्ता भरून तो राखण्याची मुभा काही विमा कंपन्या देतात, परंतु ती सर्वांना परवडत नाही आणि सर्वांना ठाऊकही नसते. परिणामी सुज्ञ मालकसुद्धा असा हिशेब करतो की लहान खळग्यासाठी बोनस कशाला घालवा, तो वाढून काच बदलण्याची वेळ आली की मगच दावा करू. आणि जो खर्च विमा कंपनीला थोडक्यात आटोपता आला असता तो तिच्यावर कितीतरी पटींनी येऊन पडतो, दरम्यान ती काच घेऊन वाहन महिनोन्महिने रस्त्यावर धावते. जी अट विमा कंपनी, मालक आणि प्रवासी या तिघांच्याही हिताविरुद्ध काम करते, ती टिकून राहण्याचे एकही समर्थनीय कारण मला दिसत नाही.

जुन्या एसटीची आठवण येथे अपरिहार्य आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, आणि त्यानंतर दीर्घकाळ महामंडळाच्या गाड्यांना पुढे दोन तुकड्यांची सपाट काच असे, मध्ये उभी पट्टी. एक तुकडा गेला तर तेवढाच बदलावा, रबर सोडवून आगारातल्याच माणसाने बसवावा, अशी ती सुटसुटीत रचना होती, आणि तिच्यामागे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांचे बळ होते. आजची अखंड, वक्राकार, भिंतीएवढी काच भव्य दिसते, चालकाला विस्तृत दृष्टिक्षेप देते, हे मान्य. परंतु ती उचलण्यास शोषकपकडी घेऊन दोन-तीन माणसे लागतात, ती दूरच्या शहरातून मालमोटारीने येते आणि वाटेतच तडकण्याची भीती असते. कॅरॅव्हॅन थोड्या संख्येने बांधल्या जातात, प्रत्येक बांधणारा आपल्या मनाने पुढचा भाग घडवतो, आणि पाच वर्षांनी त्या मापाची काच कोठेच मिळत नाही. म्हणून शासनाने ज्या कॅरॅव्हॅनला सवलत द्यायची, तिची पुढची काच राज्यात सर्वत्र चालणाऱ्या एखाद्या प्रचलित बसच्या किंवा ट्रॅव्हलरच्या मापाचीच असावी, अशी अट घालावी. त्या अटीने कोणाच्या कल्पकतेला बाध येणार नाही, आणि कामरगावच्या पुढे अडकून पडलेल्या कुटुंबाला चार दिवसांऐवजी एका दिवसात वाट धरता येईल.

दुसरी तजवीज माणसांची. तालुक्यातालुक्यांत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, मोटर मेकॅनिकचे शिक्षण तेथे मिळते, आणि काच भरण्याचे व बसवण्याचे काम त्या शिक्षणाला जोडून काही आठवड्यांत शिकवता येण्यासारखे आहे. राळ भरण्याचा संच एका पेटीत मावतो. तो घेऊन एखादा तरुण महामार्गाच्या चढ-उताराच्या ठिकाणी किंवा गावच्या फाट्यावर बसला तर त्याला जमीन लागत नाही, मोठे भांडवलही लागत नाही. समृद्धी आपल्या शेतांतून गेली, पण तिच्यावर धावणाऱ्या वाहनांतून आपल्या हाती काय पडले, हा जो सवाल या भागातील तरुण रास्तपणे विचारतात, त्याचे एक छोटे पण प्रत्यक्ष उत्तर अशा कामात आहे.

योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी परिवहन खात्याने पुढच्या काचेची तपासणी नजर टाकून उरकू नये. चालकासमोरच्या पट्ट्यात तडा असेल तर प्रमाणपत्र रोखावे, आणि अन्यत्र असेल तर दुरुस्तीसाठी मुदत लिहून द्यावी. विमा नियामक प्राधिकरणाने राळ भरून होणारी काचेची दुरुस्ती दाव्यात गणू नये, तिने बोनसला धक्का लागू नये, असा स्पष्ट हुकूम काढावा. त्याला नवा कायदा लागत नाही, आणि तो पुढच्या वैशाखाच्या आत निघाला तर त्या उन्हाळ्यात ज्या काचा लहानशा खळग्यावरून हातभर तडकणार आहेत त्यांतील बऱ्याच वाचतील.