बेअरिंग मेलं नाही, मारलंय!

एप्रिलातला एक शनिवार. पुण्याहून गावी पोचलो (गाव कोल्हापूरपासून जवळच, भोगावतीच्या काठाला), तर बाबा दारातच उभे. "हात-पाय धू आणि चल उद्यमनगरात. पंप परत बसलाय." परत म्हणजे त्या हंगामात तिसऱ्यांदा! ऊस उन्हात उभा, पाण्याची पाळी आलेली आणि पंप किंचाळून गप्प.

घरात सगळ्यांचं एकमत होतं, माल डुप्लिकेट. मीही मान डोलावली. बिघाड दुसऱ्याच्या कंपोनंटवर ढकलायची आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सवय असतेच :)

उद्यमनगरातल्या मिस्त्रीकाकांनी मात्र जुनं बेअरिंग ग्राइंडरवर कापलं, रॉकेलनं धुतलं आणि माझ्या हातावर ठेवलं. बाहेरच्या कड्याच्या खोबणीत सारख्या अंतरावर बारीक खड्डे. जितके छर्रे तितके खड्डे.

"बघितलास? हे म्हातारं हून मेलेलं न्हाई. मारलंय."

झालं होतं असं. बेअरिंगचं आतलं कडं शाफ्टवर घट्ट बसतं. ते चढवताना जोर फक्त आतल्या कड्यावर द्यायचा. बाहेरच्या कड्यावर हातोडा घातला की प्रत्येक दणका छर्‍यांमधून आत जातो आणि छर्रे खोबणीत रुततात. म्हणजे नवंकोरं बेअरिंग पंप सुरू व्हायच्या आधीच जखमी! मग ते घरघरतं, तापतं आणि एक दिवस जाम होतं.

योग्य पद्धत काय? तापवायचं. आमचं बेअरिंग ६३०९. शेवटचे दोन आकडे गुणिले ५, म्हणजे भोक ४५ मिलिमीटर. शाफ्टपेक्षा ते ८० अंशांनी गरम केलं की भोक साधारण ०.०४ मिलिमीटरनं मोठं होतं. एवढीशी फट, पण बेअरिंग हातानं सरकून जागेवर बसतं, एक ठोकासुद्धा न मारता. फक्त १२०-१२५ अंशांच्या वर न्यायचं नाही, थेट ज्योत लावायची नाही आणि ज्यात आधीच ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी बंद केलेलं असतं ते त्याहून कमीच तापवायचं.

मेकॅनिकल सीलची तऱ्हा आणखी नाजूक. त्याचे दोन गुळगुळीत चेहरे एकमेकांवर फिरतात, मध्ये पाण्याचा अगदी पातळ थर. तो थरच त्यांचं वंगण आणि तोच त्यांना थंड ठेवतो. चेहऱ्यावर वाळूचा कण राहिला की चरा पडतो. फूटव्हॉल्व्ह गळून पंप कोरडा फिरला तर काही मिनिटांत सील जळतं. आणि या दोघांची साखळी आहे. बेअरिंग खिळखिळं झालं की शाफ्ट थरथरतो, शाफ्ट थरथरला की सील गळतं, गळकं पाणी बेअरिंगमध्ये शिरून ग्रीस धुऊन काढतं. मग आपण नुसतं सील बदलतो नाहीतर नुसतं बेअरिंग. बग तसाच, एरर मेसेज तेवढा बदलला!

आता मुद्दा. दोष त्या हातोडेवाल्या मिस्त्रीचा का? मला तसं वाटत नाही. तो काम करत असताना आम्हीच त्याच्या डोक्यावर उभे होतो. "वीज चार वाजेपर्यंतच आहे, उरका लवकर!" बेअरिंगचे दुकानदार सांगेल तेवढे पैसे आम्ही मुकाट देतो, आणि मजुरीत पन्नास रुपये कमी करून घेतो. जो अर्ध्या तासात पंप चालू करून देतो तो आमच्या लेखी हुशार. शाफ्ट पुसणारा, मोजणारा, तापवणारा म्हणजे वेळकाढू. आपण घाई विकत घेतो आणि टिकाऊपणा मागतो.

आणि हे कुठं? तर कोल्हापुरात! शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आपलीच पोरं रोज मायक्रॉनमध्ये मापं घेतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली, पंपांसाठीच नावाजली. ज्ञान नाही, ही सबब आपल्याला शोभत नाही. कारखान्यात मायक्रॉन आणि नदीकाठी हातोडा, कारण नदीकाठचं काम नेहमी पेटल्यावरच काढलं जातं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पावसाळ्यात मोटारी काठावरून वर आणायचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. तेव्हा पंप रिकामाच पडलेला असतो. बेअरिंग आणि सील तेव्हा बघा, एप्रिलात नको. गावच्या पाणीपुरवठा संस्थेनं एक पुलर आणि एक बेअरिंग हीटर सामाईक घ्यावा. एकेकट्याला ते महाग, शंभर सभासदांत काहीच नाही. आणि निघालेलं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी कापून बघा. मेलं कशानं ते तेच सांगतं.

"गडबडीत कुणाला वेळ असतो?" असं बाबांनी विचारलंच. प्रश्न खरा आहे. पाळी चुकली तर ऊस वाळतो, तुमचं तत्त्वज्ञान कोण ऐकणार? पण तीन वेळा अर्धा-अर्धा तास वाचवून आम्ही प्रत्येक वेळी दोन-दोन दिवस पाणी घालवलं. हिशोब आपणच करा.

त्या दिवशी काकांनी चार तास घेतले. बाबा सगळा वेळ अस्वस्थ. कपलिंगची रेषा डायल लावून जुळवली, तेव्हा तर त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. रविवारी सकाळी पंपात पाणी भरून बटण दाबलं. आवाज एकसारखा. एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण बाबांनी खिशात हात घातला आणि ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले. कापलेलं बेअरिंग घरी आणून खिडकीत ठेवलंय. येईल त्याला दाखवतात.

असो. उद्या सोमवार. मलाही एक "तात्पुरता" फिक्स आठवतोय, गेल्या वर्षी हातोड्यानं बसवलेला...