फॉरमॅट मारावं लागेल!

संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाला एकच वाक्य येतं, असं माझं पूर्वी मत होतं. ते मी जाहीरपणे मागे घेतो. त्याला दोन वाक्यं येतात. पहिलं, "काका, काय केलंत तुम्ही?" आणि दुसरं, "फॉरमॅट मारावं लागेल." एवढ्या भांडवलावर दुकान चालतं, हे आधी कळलं असतं तर मी नोकरीत जन्म काढला नसता.

त्या सोमवारी सकाळी माझा लॅपटॉप उठेना. म्हणजे तसा उठला. पासवर्ड घेतला, ठिपक्यांचं चक्र फिरवलं आणि काळा पडदा करून बसला. पडद्यावर फक्त माउसचा पांढरा बाण. हलवला की हलायचा, बाकी स्मशानशांतता. "चहा घ्या, तोवर होईल सुरू," सौ. म्हणाली. तीन चहा झाले. बाण तिथंच.

दुरुस्तीवाला आला आणि त्याने पहिलं वाक्य टाकलं. "बाहेरचं काही खाल्लंत का?" असं डॉक्टर ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात. मी शपथेवर सांगितलं, काही केलं नाही. त्याने सौ.कडे पाहिलं, सौ.ने माझ्याकडे पाहिलं, आणि दोन मतांनी माझा गुन्हा शाबीत झाला. मग दुसरं वाक्य आलं. आठशे रुपये.

"डेटा डी ड्राइव्हला आहे ना काका?"

आता माणूस महत्त्वाच्या वस्तू कुठे ठेवतो? हाताशी. माझं सगळं डेस्कटॉपवर होतं, आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, जो फॉरमॅटमध्ये स्वच्छ पुसला जातो. तिथे आमच्या सोसायटीचे नऊ वर्षांचे हिशेब होते. ते गेले असते तर दोन-तीन सभासदांनी पेढेच वाटले असते. पण त्यांच्याच शेजारी आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या त्रेचाळीस ओव्या होत्या. 2016 साली फोनवर घेतलेल्या. पुढे फोन बिघडला, आणि 2019 साली आई गेली. प्रत दुसरीकडे ठेवायला हवी होती, हा गुन्हा मात्र कबूल. आठशे रुपये मोजून त्या मला पुसून मिळणार होत्या.

"उद्या या," म्हटलं, आणि भाच्याला फोन लावला. "मामा, फॉरमॅट-बिरमॅट काही करू नका," तो म्हणाला. "पासवर्डच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्ट करा." मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज अशा पायऱ्या उतरत गेलो आणि 4 आकडा दाबला. आणि काय सांगू, मशीन चालू! यालाच सेफ मोड म्हणतात. त्यात विंडोज स्वतःपुरता अत्यावश्यक लवाजमा घेऊन उठतं, बाकीच्यांना दाराबाहेर ठेवतं. सेफ मोडमध्ये चालतं आणि एरवी अडतं, याचा अर्थ बहुधा घर धड आहे, भांडण पाहुण्यांत आहे. पहिलं काम म्हणून ओव्या पेन ड्राइव्हवर उतरवल्या. ऐकून खात्री करता आली नाही, कारण सेफ मोड मुका असतो.

हे पाहुणे कोण? लॅपटॉप चालू झाला की बटाटे मोजल्यासारखे एकामागून एक कार्यक्रम आपोआप उठतात. प्रिंटरवाला उठतो, फोटोवाला उठतो, "नवीन आवृत्ती आली का?" एवढंच विचारायला एक जण उठतो. भाच्याने एमएसकॉन्फिग उघडायला लावलं आणि मायक्रोसॉफ्टच्या सेवा यादीतून लपवायला सांगितल्या. उरले सोळा. मी फार तर चार बोलावले होते.

"सगळे बंद करा, नेहमीसारखं सुरू करा." झालं सुरू. "आता निम्मे चालू करा." आठ चालू केले, ठीक. ते बंद करून दुसरे आठ चालू केले, तेही ठीक! लग्नातल्या दोन्ही पक्षांसारखं. वेगवेगळे भेटलात तर देवमाणसं, एका मांडवात आले की मानपान. म्हणजे एक भांडखोर या आठांत, दुसरा त्या आठांत. मग एक पक्ष पुरा बसवून दुसरा निम्मानिम्मा केला. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. सापडलेल्याला बसवून पहिल्या पक्षाची तीच गत केली. एकूण आठ चाचण्या, एक संध्याकाळ, खर्च शून्य.

निघाले ते दोन अँटिव्हायरस. एक मी पैसे देऊन घेतलेला. दुसरा, सोसायटीचे कागद जोडायला कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याच्या पदराखालून आलेला. अँटिव्हायरस हा वॉचमन. उघडणारी प्रत्येक फाइल तो दारात अडवून तपासतो. एका दाराला दोन वॉचमन ठेवले की दुसऱ्याने उघडलेली फाइल पहिला तपासतो, पहिल्याची तपासणी दुसरा तपासतो. दोघे एकमेकांची गचांडी धरून उभे, आणि घरमालक पिशवी घेऊन फाटकाबाहेर! विंडोजचा स्वतःचा वॉचमन त्या मानाने खानदानी. दुसरा रीतसर रुजू झाला की तो आपण होऊन बाजूला होतो.

हा दुसरा आत आला कसा? तर चौकटीत टिचकी आधीच मारलेली होती. "मला हेही हवं आहे" असं माझ्या वतीने कोणीतरी अगोदरच लिहून ठेवलं होतं. आमच्याकडे मुलीचा होकार असा गृहीत धरत, त्यालाही आता दिवस लोटले. माझं म्हणणं स्पष्ट आहे: न विचारता पहाटे माझ्या घरात उठून बसण्याचा हक्क कोणालाच नाही. टिचकी मारायची तर मी मारीन.

"तुमच्यासारख्या अडाण्यांमुळेच होतं हे," असं कोणी म्हणेल. बरं. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफीच्या वॉचमनने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही स्वतःची फाइल चोर म्हणून पकडली आणि ठिकठिकाणची मशीनं बंद-चालू, बंद-चालू करत बसली. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलीने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, पंच्याऐंशी लाख मशीनं आडवी केली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. तिथे कोणत्या काकांनी काय केलं होतं? आणि उपाय काय सांगितला गेला? सेफ मोडमध्ये जा आणि ती एक फाइल पुसा. पंच्याऐंशी लाख मशीनं फॉरमॅट मारा, असं कोणी म्हणालं नाही.

फॉरमॅट कधीच मारू नये असं नाही. व्हायरस मुळापर्यंत मुरला असेल तर मारावं लागतंही. पण ते शेवटचं औषध आहे, आधी प्रत काढून द्यायचं. दोन वॉचमन भांडले म्हणून वाडा पाडून नवा बांधणाऱ्याला आपण गवंडी म्हणत नाही. दुरुस्तीवाल्याचंही मला कळतं. निम्मेनिम्मे करायला संध्याकाळ जाते, फॉरमॅट लावून तो दुसऱ्या घरी जाऊ शकतो. पण मग वेळेचे पैसे मागा, मी देतो. माझ्या ओव्यांनी तुमचा वेळ का वाचवायचा?

दुसऱ्या दिवशी तो आला. लॅपटॉप चालू होता आणि आई दळत होती. त्याने थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "काका, काय केलंत तुम्ही?"

यावेळी मात्र मी सविस्तर सांगितलं.